अस्वलाचं पित्त आणि बातमीचा रंग

२०११ च्या ऑगस्टमध्ये एका अस्वलिणीची गोष्ट जगभर फिरली. चीनच्या वायव्येकडच्या कुठल्याशा दुर्गम भागात अस्वलांचं पित्त काढण्याचा फार्म होता. तिथे एका पिल्लाचं पोट टोचायची तयारी चालली होती. ते किंचाळलं, तशी त्याची आई पिंजरा मोडून बाहेर आली. कामगार पळाले. पिल्लाच्या साखळ्या तिला तोडता येईनात, तेव्हा तिने त्याला उराशी घट्ट आवळून मारलं आणि मग भिंतीवर डोकं आपटून स्वतःचाही जीव दिला. सिंगापूरच्या ‘एशियावन’ने ही बातमी एका चिनी संकेतस्थळाच्या हवाल्याने दिली, ब्रिटनच्या ‘डेली मेल’ने ती उचलली आणि मग तिला कोणी थांबवू शकलं नाही. आजही ती दर काही महिन्यांनी कुणाच्या तरी मोबाइलवर ताजी होऊन येते.

या बातमीत गावाचं नाव नव्हतं. फार्मचं नव्हतं, घटनेची तारीख नव्हती. साक्षीदार होता तो निनावी, आणि तोही मित्राच्या बदली त्या दिवशी तिथे गेलेला. चिनी नियमावलीप्रमाणे पित्त काढायचं ते वाढलेल्या अस्वलाचं. पिल्लाचं पोट टोचण्याने धंद्याचाही काही फायदा नसतो. ही गोष्ट घडलीच नाही असं मी म्हणणार नाही, कारण तसं म्हणायलाही माझ्याजवळ पुरावा नाही. पण घडली असं छापणाऱ्यांजवळ तरी काय होतं? एका संकेतस्थळाने दुसऱ्याचा हवाला दिला, दुसऱ्याने तिसऱ्याचा, आणि या साखळीच्या टोकाला एकही वार्ताहर त्या फार्मच्या फाटकापर्यंत गेलेला नव्हता.

पित्तासाठी अस्वलं कोंडण्याच्या व्यवसायाविषयीच्या आणि त्याविरुद्धच्या तीस वर्षांच्या मोहिमेविषयीच्या पुस्तकाची सुरुवात मी या गोष्टीपासून करतो याचं काही वाचकांना वाईट वाटेल. ज्या गोष्टीने हजारो माणसं हळहळली, कदाचित पैसे पाठवायलाही उद्युक्त झाली, तिच्यावरच आधी शंका कशाला? कारण एवढंच, की आपल्यापैकी जवळजवळ कुणीही असा फार्म पाहिलेला नाही. आपल्याला जे ठाऊक आहे ते बातम्यांतून आलं आहे. आणि या विषयावरच्या बातम्या दोन्ही बाजूंनी बिघडलेल्या आहेत. धंदेवाल्यांचं खोटं ओळखायला फारसे कष्ट पडत नाहीत, त्यात स्वार्थ उघड दिसतो. अस्वलांच्या बाजूने बोलणाऱ्याचं खोटं आपल्याला कळत नाही, कारण ते ऐकताना आपलेच डोळे भरून आलेले असतात.

आधी मूळ गोष्ट सांगतो. अस्वलाच्या पित्ताची नोंद चिनी वैद्यकात इसवी सनाच्या सातव्या शतकापासून, तांग राजवटीच्या काळातल्या औषधिग्रंथापासून सापडते. यकृताचे विकार, ताप, डोळ्यांची जळजळ, मुका मार यांवर ते देत. त्यासाठी शेकडो वर्षं रानातलं अस्वल मारून त्याचं पित्ताशय काढलं जाई. १९८० च्या सुमाराला उत्तर कोरियात जिवंत अस्वलातून पुन्हा पुन्हा पित्त काढायची रीत निघाली आणि काही वर्षांतच ती चीनमध्ये पोहोचली. पुढे व्हिएतनाम, लाओस, म्यानमार इथेही फार्म उभे राहिले. कोंडलेल्या अस्वलांत बहुसंख्य हिमालयीन काळी अस्वलं, छातीवर पांढऱ्या चंद्रकोरीची खूण असलेली. १९७९ पासून त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराची बंदी आहे. आपल्याकडे ती काश्मीरपासून अरुणाचलपर्यंतच्या डोंगरांत आहेत आणि त्यांच्या पित्ताशयाच्या तस्करीची प्रकरणं तिथेही उघडकीस आली आहेत. विदर्भात मोहाच्या दिवसांत ज्याच्या हल्ल्याची बातमी आपण वाचतो ते अस्वल वेगळ्या जातीचं. फार्ममधल्या कहाणीशी त्याचा थेट संबंध नाही.

आता पद्धती. इथे बातम्यांचा पहिला घोळ सुरू होतो. चीनमध्ये सुरुवातीला अस्वलाच्या पोटात धातूची नळी बसवून ती जागेवर राहावी म्हणून त्याला लोखंडी जाकीट चढवत. ही पद्धत पुढे सरकारने बंद केली आणि फक्त ‘मुक्त ठिबक’ पद्धतीला परवानगी ठेवली. त्यात शस्त्रक्रिया करून पित्ताशयापासून पोटाच्या कातडीपर्यंत एक कायमचा मार्ग तयार करतात आणि तो उघडा ठेवतात. शरीर ती जखम बुजवू पाहतं, माणूस ती बुजू देत नाही. व्हिएतनाममध्ये नळीही नाही आणि मार्गही नाही. तिथे अस्वलाला गुंगीचं इंजेक्शन देत, सोनोग्राफीच्या यंत्राने पित्ताशय शोधत आणि लांब सुईने पित्त खेचून घेत. दक्षिण कोरियात जिवंत अस्वलातून पित्त काढायला कायद्याने मनाईच होती. तिथे अस्वल पोसायचं आणि दहा वर्षांचं झालं की पित्ताशयासाठी मारायचं, एवढीच मुभा होती.

तीन देश, चार रीती, आणि बातमीसोबत छायाचित्र मात्र ठरलेलं: लोखंडी जाकीट घातलेलं, गजांना दात लावून बसलेलं चिनी अस्वल. ते चित्र खोटं नाही. ते कधीचं आणि कुठलं आहे एवढंच सांगितलेलं नसतं. कोरियातल्या बातमीवर ते छापलं की कोरियन फार्मवाला शांतपणे म्हणतो, आमच्याकडे असलं काही नाही. चीनमधल्या नव्या बातमीवर ते छापलं की अधिकारी म्हणतो, हे आम्ही केव्हाच बंद केलं. दोघंही त्या एका वाक्यापुरतं खरं बोलत असतात आणि उघड्या जखमेचा विषय, दहा वर्षांच्या प्रतीक्षेनंतरच्या कत्तलीचा विषय, त्या खऱ्या वाक्याआड निसटून जातो.

दुसरा घोळ औषधाचा. पाश्चात्त्य वर्तमानपत्रांना आणि त्यांच्यावरून लिहिणाऱ्या आपल्या वर्तमानपत्रांनाही अस्वलाचं पित्त, गेंड्याचं शिंग आणि वाघाची हाडं एकाच गाठोड्यात बांधायची सवय आहे: चिन्यांच्या अंधश्रद्धा. गेंड्याचं शिंग म्हणजे नखांत असतं तेच केराटिन, त्याबद्दल वाद नको. पण अस्वलाचं पित्त त्या गाठोड्यात बसत नाही. १९२७ साली जपानमध्ये ओकायामा इथे शोदा यांनी अस्वलाच्या पित्तातून एक आम्ल स्फटिकरूपात वेगळं केलं. तेच अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल. १९५० च्या दशकात जपानी रसायनशास्त्रज्ञांना ते प्रयोगशाळेत बनवता आलं आणि ते गोळ्यांच्या रूपाने बाजारात आलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९८७ मध्ये पित्तखडे विरघळवण्यासाठी आणि १९९७ मध्ये यकृताच्या एका दीर्घ विकारासाठी त्याला मान्यता दिली. पुण्या-मुंबईतला कोणताही औषधविक्रेता ही गोळी ओळखतो; गरोदरपणात यकृताच्या त्रासाने अंगाला खाज सुटलेल्या कितीतरी बायकांना डॉक्टर ती लिहून देतात. तिच्यासाठी अस्वल लागत नाही. कत्तलखान्यातल्या गुरांच्या पित्तापासून ती कारखान्यात तयार होते, आणि वनस्पतींपासून ती करण्याच्या वाटाही शोधल्या गेल्या आहेत.

हा तपशील मोहिमेच्या दृष्टीने अडचणीचा वाटतो म्हणून बरेच बातमीदार तो गाळतात. माझ्या मते तोच मोहिमेचा सर्वांत भक्कम मुद्दा आहे. ‘तुमचं औषध थोतांड आहे’ असं एखाद्या चिनी वैद्याला सांगितलं की संभाषण तिथेच संपतं, कारण ते थोतांड नाही हे तो जाणतो. ‘तुमचे पूर्वज बरोबर होते, पण त्यांना जे अस्वल मारून मिळवावं लागलं ते आता कारखान्यात मिळतं’ असं म्हटलं की बोलण्याला जागा राहते. पारंपरिक चिनी वैद्यकात यकृताच्या तापावर चालणाऱ्या वनस्पतींची यादी लांबलचक आहे आणि ती वापरणारे वैद्य चीनमध्येच आहेत. त्यांतल्या अनेकांनी आणि कितीतरी औषधी दुकानांनी अस्वलाचं पित्त न ठेवण्याचं जाहीर केलं. त्यांची नावं बातम्यांत क्वचितच येतात. अंधश्रद्धाळू पूर्व आणि दयाळू पश्चिम ही जोडी रंगवायला सोपी असते, त्यात हे वैद्य कुठे बसवणार?

या सोप्या जोडीचा फोलपणा २०१२ मध्ये जितका उघडा पडला तितका तो एरवी कधी पडला नसेल. फूजियान प्रांतातली क्वेइचन्तांग ही पित्तविक्री करणारी कंपनी शेअर बाजारात उतरायच्या तयारीत होती. तिच्याकडे चारशेच्या वर अस्वलं होती आणि भांडवल जमवून ती बाराशेवर न्यायचा तिचा बेत होता. फेब्रुवारीत ही वार्ता पसरली आणि चिनी समाजमाध्यमांवर संतापाची लाट उठली. ‘ता’ नावाच्या चिनी प्राणिकल्याण संस्थेने रोखे बाजाराच्या नियामकाकडे अर्ज केला. त्यावर बहात्तर नामवंत चिनी व्यक्तींच्या सह्या होत्या. यात परदेशी पैसा, परदेशी संस्कृती, परदेशी कारस्थान कुठून आणायचं? पण आणलं गेलं. मोहिमेमागे पाश्चात्त्य औषध कंपन्यांचा हात आहे, कृत्रिम आम्ल विकणाऱ्यांना चिनी वैद्यक बुडवायचं आहे, असे आरोप झाले.

त्याच महिन्यात चिनी वैद्यकाच्या राष्ट्रीय संघटनेचे प्रमुख फांग शुथिंग यांनी पत्रकारांपुढे जे सांगितलं ते या धंद्याच्या इतिहासात कायमचं चिकटून राहिलं आहे. पित्त काढणं नळ उघडण्याइतकं सहज आहे, वेदनारहित आहे, आणि ते झालं की अस्वलं मजेत बाहेर खेळायला जातात, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. दुसऱ्याच दिवशी चीनभर त्याची टिंगल सुरू झाली. मग कंपनीने आणखी एक पाऊल टाकलं. तिने फेब्रुवारीच्या अखेरीला पत्रकारांना फार्म पाहायला बोलावलं.

त्या भेटीच्या बातम्या नीट वाचण्यासारख्या आहेत, कारण दिशाभूल करायला खोटं बोलावंच लागतं असं नाही हे त्यांतून दिसतं. पत्रकारांनी स्वच्छ खोली पाहिली. अस्वलं पिंजऱ्यात येऊन खाऊ चाटत उभी होती, कामगार खालून पित्त गोळा करत होते, काही सेकंदांत काम उरकत होतं. हे सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर घडलं. जे घडताना दाखवलं नाही ते असं: मूळ शस्त्रक्रिया, त्या जखमा वर्षानुवर्षं उघड्या ठेवताना होणारे संसर्ग, पाळीत न आलेली आजारी अस्वलं, मेलेल्या अस्वलांच्या नोंदी. सुटका झालेल्या अस्वलांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांनी पित्ताशयाची सूज, पोटातले गळू, पित्तखडे, यकृताचा कर्करोग असं बरंच काही नोंदवून ठेवलं आहे. ते दहा सेकंदांच्या दृश्यात मावत नाही. काही चिनी पत्रकारांनी नेमके हेच प्रश्न विचारले आणि ते छापले, हेही सांगायला हवं. पुढच्या वर्षी कंपनीने शेअर विक्रीचा अर्ज मागे घेतला. या मोहिमेला चीनमध्ये मिळालेलं हे बहुधा सर्वांत ठळक यश, आणि ते मुख्यतः चिनी नागरिकांनी मिळवलं.

‘ॲनिमल्स एशिया’ या संस्थेबद्दल पुस्तकात पुढे बरंच येईल, म्हणून इथे थोडक्यात. जिल रॉबिन्सन ही ब्रिटिश बाई १९९३ मध्ये चीनच्या दक्षिणेकडच्या जुहाय इथल्या एका फार्मवर पर्यटकांच्या घोळक्यातून गेली, घोळक्यातून सटकून तळघरात उतरली आणि तिथली पिंजऱ्यातली अस्वलं तिने पाहिली. १९९८ मध्ये हाँगकाँगमध्ये संस्था स्थापन झाली. २००० च्या जुलैमध्ये चिनी अधिकाऱ्यांशी पाचशे अस्वलं सोडवण्याचा करार झाला आणि चेंगडूजवळ अस्वलांसाठी अभयारण्य उभं राहिलं. या संस्थेची पद्धत छापा घालण्याची नाही. ती फार्मवाल्यांशी बसून बोलते, चीनमध्ये परवाना परत करणाऱ्याला भरपाईही देते. बातम्यांत मात्र प्रत्येक वेळी ‘धाडसी सुटका’ असते. वाटाघाटींत थरार नसतो, आणि थरार नाही म्हणून त्या बातमीत येत नाहीत. मग वाचकाला वाटतं की धाडस असलं की काम होतं.

तिसरा घोळ मला सर्वांत जास्त सतावतो: घोषणेची बातमी पूर्ततेची बातमी म्हणून छापणं. पाचशे अस्वलांचा करार झाला, मथळे झळकले, आणि दहा वर्षं उलटली तेव्हा आकडा जेमतेम निम्म्याच्या आसपास होता. २०१४ मध्ये नाननिंग इथल्या एका फार्मच्या मालकांनी आपणहून हा धंदा बंद करायचं ठरवलं. सुमारे १३० अस्वलं. जगभर ‘१३० अस्वलांची सुटका’ असे मथळे आले. त्या वर्षी चेंगडूला गेली २८. बाकीची संस्थेच्या देखरेखीखाली त्याच जागी राहिली, आणि उरलेल्यांपैकी १०१ चेंगडूला पोहोचली तेव्हा २०२१ साल उजाडलं होतं. मधल्या सात वर्षांत ही अस्वलं म्हातारी होत गेली. ही बातमी कुठे होती?

व्हिएतनामची कथाही अशीच. २००५ मध्ये तिथल्या सरकारने फार्ममधल्या चार हजारांवर अस्वलांना चिप बसवून नोंदणी केली. पित्त काढणं बेकायदा, अस्वल पाळणं मात्र चालेल, अशी ती विचित्र तडजोड होती. पुढे वर्षानुवर्षं हालाँगच्या परिसरात कोरियन पर्यटकांच्या बसगाड्या फार्मवर थांबत आणि पित्त विकलं जाई. २०१७ मध्ये सरकारने ‘ॲनिमल्स एशिया’शी करार करून २०२२ पर्यंत सगळे फार्म बंद करण्याचं ठरवलं. ‘व्हिएतनामने पित्ताचा धंदा संपवला’ हा मथळा तेव्हाच छापून झाला. खरोखरचं चित्र असं, की अस्वलांची संख्या चार हजारांवरून काही शेकड्यांवर आली, ही फार मोठी गोष्ट आहे. पण २०२२ ची मुदत टळून गेली आणि हनोईच्या फुक थो तालुक्यात पिंजरे उरलेच. दक्षिण कोरियात २०२२ च्या जानेवारीत सरकार, फार्मवाले आणि संस्था यांच्यात समझोता झाला, २०२३ च्या डिसेंबरात कायदा संमत झाला आणि बंदीचा दिवस १ जानेवारी २०२६ ठरला. प्रत्येक टप्प्यावर ‘कोरियात बंदी’ अशी बातमी आली. बंदीनंतर उरलेली अस्वलं ठेवायची कुठे आणि त्यांचा खर्च करायचा कुणी, हा प्रश्न बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात असे. मोबाइलवर शेवटच्या परिच्छेदापर्यंत कोण जातं?

करोनाच्या काळातला प्रसंग इथे नोंदवून ठेवतो, कारण त्यात हे सगळे दोष एकत्र आले. २४ फेब्रुवारी २०२० ला चीनने रानटी प्राणी खाण्यावर बंदी घातली. मार्चच्या सुरुवातीला राष्ट्रीय आरोग्य आयोगाच्या उपचारसूचीत ‘तान र छिंग’ नावाचं इंजेक्शन दिसलं, ज्याच्या पाच घटकांपैकी एक अस्वलाच्या पित्ताची भुकटी आहे. ‘करोनावर चीनचा उतारा: अस्वलाचं पित्त’ अशा थाटाचे मथळे फिरले. सूचीतलं ते अनेक इंजेक्शनांपैकी एक होतं, गंभीर रुग्णांसाठी, आणि पारंपरिक वैद्यकाच्या भागात. मथळ्याने केलेली चेष्टा सोडून दिली तर मागे जी गोष्ट उरते ती जास्त गंभीर आहे: खाण्यावर बंदी आली तेव्हा औषधासाठीचा वापर तिच्याबाहेर ठेवला गेला होता. ती कुणाला हसू आणणारी नाही, म्हणून ती फिरली नाही.

आपल्या मराठी वृत्तपत्रांबद्दल फार तक्रार करायची माझी इच्छा नाही. दूरच्या देशातल्या विषयावर स्वतःचा माणूस पाठवणं त्यांना परवडत नाही. पण चीनची बातमी आपल्याकडे बहुधा ‘जगावेगळं’ या चौकटीतच येते, आणि त्या चौकटीत आली की खरंखोटं तपासायची जबाबदारी आपोआप सुटते. शिवाय चीनबद्दल वाईट छापलं तर कुणी पत्र लिहून विचारत नाही. हा आपला पूर्वग्रह आहे आणि तो अस्वलांच्या उपयोगाचा नाही. ज्या देशात कलंदरांच्या हातातली वेसण घातलेली अस्वलं अगदी अलीकडे, २००९ पर्यंत, रस्त्यावर नाचत होती त्या देशातल्या वाचकाने चीनकडे पाहताना इतक्या उंचावरून पाहू नये असं मला वाटतं. कलंदरांचा प्रश्नही त्यांना शिव्या देऊन सुटला नाही. पर्यायी रोजगार आणि मुलांच्या शाळा यांनी सुटला.

प्राणिप्रेमी वाचकांना एक गोष्ट खटकेल हे मला ठाऊक आहे. सुरुवातीच्या त्या अस्वलिणीसारख्या गोष्टींनी देणग्या येतात, सह्या जमतात, मग त्या खऱ्या नसल्या तर बिघडलं काय? बिघडतं ते असं. धंद्याची बाजू मांडणाऱ्यांना पशुवैद्यांच्या नोंदी खोडता येत नाहीत. पण आपल्या बाजूने एक निराधार गोष्ट पुरवली की त्यांना त्या नोंदींना हात लावायचीही गरज पडत नाही. परदेशी लोक गोष्टी रचतात, एवढं म्हटलं की भागतं, आणि चीनमधल्या ज्या पत्रकाराने फाटकापर्यंत जाऊन प्रश्न विचारले होते त्याच्याही पाठीवर तोच शिक्का बसतो.

म्हणून पुढच्या प्रकरणांत मी काही पथ्यं पाळली आहेत. प्रत्येक देशाची पद्धत त्या देशाच्या प्रकरणातच येते. एकाचं दुसऱ्यावर ढकललेलं नाही. करार कधी झाला आणि त्यातलं कधी किती पूर्ण झालं, या दोन गोष्टी वेगळ्या लिहिल्या आहेत. चीनमधल्या अस्वलांचा ‘दहा हजार’ हा आकडा वर्षानुवर्षं न बदलता छापला जातो. मी तो जिथे वापरला तिथे अंदाज म्हणूनच वापरला आहे. छायाचित्रं फक्त तीच घेतली आहेत ज्यांचं स्थळ आणि वर्ष सांगता येतं. त्यामुळे लोखंडी जाकिटाचं ते सर्वांत परिचित चित्र या पुस्तकात नाही, आणि कोरियाचं प्रकरण तर बिनचित्राचंच आहे. प्रकाशकांना ते आवडलेलं नाही. व्हिएतनामचं प्रकरण सर्वांत लांब झालं आहे, कारण तिथे काय चुकलं आणि काय जमलं हे दोन्ही पाहायला मिळतं. ज्याला वेळ थोडा आहे त्याने तिथूनच सुरुवात केली तरी चालेल.